शपथेच्या दगडाला फुटलेले पाय

१

रविवारी पाणी! तेही विहिरीवरून, दोन्ही हातांत दोन बादल्या, आणि वाट कुठली तर चर्चची. सगळं हालेबॉस्ट गाव काळे कपडे घालून, बायबलं काखेत धरून प्रार्थनेला निघालेलं, आणि समोरून गॉर्मलची सून पावसात भिजत, बादल्या हिंदकळत घराकडे येतेय!

"मी डोळे मिटून घेतले असते तर बरं झालं असतं," गॉर्मल प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या फाटकापाशी म्हणाली. हळू बोलायची तिला सवय नव्हती. "सत्तर वर्षांत या घरात रविवारी पाण्याचा थेंब आला नाही. बटाटे शनिवारी सोलायचे, जळणाचं पीट शनिवारी चुलीपाशी रचायचं, पाणी शनिवारी भरायचं. आमच्याकडे रविवारी कोंबडासुद्धा टोपल्याखाली असतो. आणि या डॉलिनाला सकाळी सकाळी पाणी हवं!"

"तुझ्याच चहासाठी आणलं असेल गं," कुणीतरी म्हणालं.

"त्या चहाला मी शिवलेसुद्धा नाही. आणि माझा टॉरकलही शिवला नाही. पेला तसाच गार होऊन गेला."

हे सांगताना तिची मान ताठ झाली. टॉरकल तिचा एकुलता एक मुलगा. चर्चमध्ये स्तोत्राची पहिली ओळ तोच उचलायचा, मग सगळी मंडळी त्याच्यामागून गायची. येत्या शरदात त्याला चर्चच्या मंडळीचा पंच करणार होते. आज मात्र स्तोत्राची ओळ उचलताना त्याचा आवाज फुटला होता. बायकोने रविवार बाटवल्यावर आवाज तरी कसा लागायचा, असं गॉर्मलने मनाशी ठरवून टाकलं.

घरी आल्यावर तिने सुनेला पुन्हा धरलं. "भरलेलं पाणी गेलं कुठे?"

"सांडलं, आई."

"दोन्ही बादल्या?"

"दोन्ही."

"आणि मागच्या दारचं पिंप? तेही लवंडलं का गं तुझ्या हातून? एवढी पैलवान केव्हा झालीस?"

डॉलिनाने नवऱ्याकडे पाहिलं. टॉरकल खिडकीतून पावसाकडे बघत होता. तो पाऊस पहाटे लागला होता आणि दिवसभर हटला नाही.

गॉर्मलने त्या दिवसापुरतं सुनेशी बोलणं टाकलं. पण गावाशी बोलणं चालू ठेवलं. संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत पोरासोरांनासुद्धा कळलं होतं, की रविवारी सकाळी अख्ख्या गावात फक्त गॉर्मलच्या घरात पाणी नव्हतं.

२

सोमवारी सकाळी शपथेचा दगड जागेवर नव्हता.

टेकाडावरच्या पडक्या चॅपलच्या दाराशी तो कितीतरी पिढ्या उभा होता. उंची गुडघ्याएवढी, मध्ये आरपार भोक. पूर्वी भांडण मिटेना झालं की दोन्हीकडचे लोक त्या भोकातून हात घालून एकमेकांचा हात धरायचे आणि खरं काय ते बोलायचे. पाळकांना तो दगड खुपत होता. एडिंबराच्या वस्तुसंग्रहालयाने मागणी केली, तेव्हा गावसभेने देऊन टाकायचं ठरवलं. मंगळवारी लॉरी येणार होती. शनिवारी दुपारी शाळेचे मास्तर क्रॉफर्ड आणि मंडळीचा पंच एव्हँडर या दोघांनी दगड पोत्यात गुंडाळून, दोरीने बांधून ठेवला. आता तिथे नुसतं पोतं होतं. दोरी सोडवून नीट गुंडाळून ठेवलेली.

हवालदार गिलीज शहरातून सकाळच्या बसने आला. त्याला फार डोकं चालवावं लागलं नाही.

"शनिवारी दुपारी होता, आज नाही. मध्ये काय? रविवार. त्या दिवशी तुम्ही सगळे एक तर चर्चमध्ये, नाही तर घरात. चोराला याहून चांगला दिवस कुठला? तर रविवारी हात-पाय हलवणारं गावात कोण आहे, तेवढं सांगा."

असे दोघंच होते. एक मास्तर क्रॉफर्ड, दक्षिणेकडच्या सखल मुलखातून आलेले. ते रविवारी फिरायलाही जात आणि शीळही वाजवत. दुसरा ईनास ड्रमंड, कल्हईवाला. घोडी, तंबू, बायको आणि नुकतंच जन्मलेलं मूल घेऊन तो वाटेच्या वळणावर उतरला होता.

"ड्रमंड," गॉर्मल म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. "शनिवारी संध्याकाळी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्याची घोडी चॅपलपाशी होती. दगड न्यायला घोडी लागणारच. आणि रविवारी जो भांडी ठोकतो तो दगडही हलवतो. यात विचारायचं काय?"

"घोडी चरत होती, बाई," ड्रमंड म्हणाला. "गवत तिथे बरं आहे. मी दगड नेऊन काय करू, कल्हई लावू त्याला?"

कुणीतरी हसलं. गिलीज हसला नाही. तंबूतली पांघरुणं बाहेर आली, भांडी बाहेर आली, शेवटी बाळाला निजवायची पेटीसुद्धा बाहेर आली. दगड मिळाला नाही.

"विकला असेल," गॉर्मल म्हणाली.

ड्रमंडने तिच्याकडे पाहिलं. "तुमची किटली मी गेल्या आठवड्यातच सांधून दिली, बाई. गळतेय का?"

"किटलीचं इथे काय?"

"काही नाही. माझ्या हातचं काम ओळखता का, एवढंच विचारलं."

गिलीजने निकाल सांगितला. संध्याकाळच्या बसने ड्रमंड त्याच्याबरोबर शहरात, कोठडीत. गावानेही सांगितलं, की मग तंबूही इथे नको. ड्रमंडच्या बायकोने मूल शालीत घेतलं आणि ती ओल्या पांघरुणांवर बसून राहिली. डॉलिना गर्दीच्या कडेला उभी होती. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. टॉरकल टोपी हातात घेऊन जमिनीकडे बघत होता.

गॉर्मलने दोघांनाही पाहिलं, आणि तेवढ्यापुरतं तिला काहीच वाटलं नाही.

३

दुपारी ती स्वतःच पीट आणायला निघाली. सुनेच्या हातचं जळणही आज नको होतं. पाठीवर मोठी करंडी घेऊन ती टेकाडामागच्या पीटवाटेला लागली. पाऊस रात्रीच थांबला होता आणि सकाळपासून वारा होता.

पीटवाट म्हणजे दलदलीतून गेलेला मऊ काळा पट्टा. चॅपलच्या मागून एकचाकी ढकलगाडीची चाकोरी त्या वाटेवर उतरलेली तिला दिसली. घोडीचा खूर कुठेच नव्हता.

"तर घोडी नव्हती," ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिला ते आवडलं नाही. तरी ती चाकोरीच्या कडेने चालू लागली. ड्रमंडकडे एकचाकी नसेल कशावरून? चोरली असेल.

चाकोरी खोल होती, पण तिच्या कडा विरघळलेल्या. आतला चिखल वाहून सपाट झाला होता, दिवसभराच्या पावसाखाली होतो तसा. पीट कापून काढलेल्या पहिल्या खाचांपर्यंत ती तशीच गेली होती. तिथे जमिनीत दोन भोकं होती. गाडी टेकवली की तिचे मागचे दोन पाय रुततात तशी. पण घटकाभर टेकवून एवढी रुतत नाही. गॉर्मलने हात घातला तर कोपर बुडालं. जड ओझ्यासकट गाडी तिथे फार वेळ उभी असणार. आणि बाजूच्या खाचेत कुणीतरी घसरून पडलं होतं. काठ कोसळला होता, खाली माणूस कमरेएवढा बुडेल असा चिखल होता.

तिथून पुढे चाकोरी पुन्हा सुरू होत होती. पण ही चाकोरी ताजी होती. कडा सुरीने पाव कापावा तशा. हिच्यावर पावसाचा थेंब पडला नव्हता. ती खडकाळ उतारापर्यंत जाऊन संपली.

गॉर्मल करंडी पालथी ठेवून तिच्यावर बसली.

पहिला अर्धा रस्ता पावसाच्या आधी, म्हणजे शनिवारी रात्री. दुसरा अर्धा पाऊस थांबल्यावर, म्हणजे रविवार उलटून गेल्यावर. आणि मधला अख्खा दिवस गाडी दगडासकट इथे उभी. चोरी अर्ध्यावर टाकून चोर घरी गेला आणि एक दिवस घरात बसला.

का?

तिला कारण कळलं. हवालदाराने सगळं उलटं धरलं होतं. चोरी रविवारी झाली नव्हती. रविवार आला म्हणून ती थांबली होती. ड्रमंड थांबला नसता, त्याला रविवार काय आणि मंगळवार काय! चोरी करताना जो डगमगला नाही, पण मध्यरात्र होताच ज्याने गाडीच्या मुठी सोडल्या, तो माणूस तिच्यापैकीच होता. तिच्याच बाकावर बसणारा.

४

मास्तर शाळेच्या पायरीवर पाइप ओढत होते. गॉर्मलला पाहून उठून उभे राहिले. ती त्यांना फारसं मोजत नसे, पण ते तिला मान देत.

"मास्तर, दगड तुम्ही नेलात का?"

"नाही, आजीबाई."

"न्यायचा असता तर केव्हा नेला असता?"

मास्तरांना हसू आलं. "रविवारी, भर दुपारी, गात गात. तुम्ही कोणी पडदासुद्धा बाजूला सारला नसता. शनिवारी रात्री कशाला धडपडू? गाव उशिरापर्यंत बटाटेच सोलत असतं."

"हेच हवालदाराला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. पण तुम्ही आधी बोललात, आणि तुम्ही बोललात की गावात मग कोण बोलतं?"

हे तिला लागलं. ती तशीच एव्हँडरच्या दारी गेली. एव्हँडर खुर्चीत होता, डावा हात गळ्यात बांधलेला. शनिवारी दगड बांधताना खांदा निखळला होता, हाडवैद्याने रात्री येऊन बसवला होता.

"मी चोर वाटलो का तुला?" तो गुरगुरला. "अगं, त्या भोकाच्या दगडाला मी वीस वर्षं शिव्या घालतोय. मंगळवारी लॉरी येऊन आपोआप पीडा टळत होती. मी कशाला चोरू? उलट बाई, नीट विचार कर. दगड जातच होता. ज्याला तो जायला हवा होता, त्याला चोरायची गरज काय? ज्याला तो राहायला हवा होता त्याचं हे काम."

"राहायला कुणाला हवा होता?"

एव्हँडरने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू ती थट्टा करतेय.

"सभेत तोंड उघडून तसं म्हणणारं माणूस गावात एकच होतं, गॉर्मल. तू."

५

तिला आपलेच शब्द आठवले. सभा उठल्यावर, घरी, चुलीपाशी. टॉरकलने दगड द्यायच्या बाजूने हात वर केला होता. पाळकांसमोर, होऊ घातलेल्या पंचाने दुसरं काय करायचं? तेव्हा ती त्याला म्हणाली होती, "ज्याच्या हाताने हा दगड गावाबाहेर जाईल, त्या हाताने माझी शवपेटी उचलायची नाही. एव्हँडर उचलेल, परका उचलेल, तू मागे चालायचं."

हालेबॉस्टमध्ये आईच्या पेटीची डोक्याकडची बाजू मुलगा धरतो. मुलगा असून तो मागे चालला, तर त्या मुलाने काय केलं असेल हे लोक त्याच्या मुलाबाळांनाही विचारतात. हे ठाऊक असूनच ती बोलली होती. लागावं म्हणूनच बोलली होती.

घरात डॉलिना हेरिंग मासे धुवत होती. गॉर्मलने दार लावून घेतलं.

"शनिवारी रात्री टॉरकल केव्हा आला?"

"आई, मला नका विचारू."

"कमरेपर्यंत चिखल होता ना? पीटचा चिखल, साबणाने निघत नाही, पाणी ओतत राहावं लागतं. दोन बादल्या, आणि वर पिंप."

डॉलिनाच्या हातातला मासा परातीत पडला. "सकाळी तुम्ही उठून चहा मागाल. घरात थेंब नव्हता. नाही म्हटलं असतं तर तुम्ही का म्हणून विचारलं असतं. मला वाटलं, मी सांडलं म्हणेन, शिव्या खाईन, संपेल."

"आणि तो? तू विहिरीवर निघालीस तेव्हा तो काय म्हणाला?"

"काही नाही."

"मी चर्चच्या फाटकात तुझी अब्रू काढत होते तेव्हा?"

"काही नाही, आई."

"आणि आज? बाळाची पेटी बाहेर काढली तेव्हा?"

डॉलिना रडायला लागली. गॉर्मलला रडू आलं नाही. तिला शरम वाटत होती, आणि शरमेची सवय नसल्यामुळे ती कुठे ठेवावी हे तिला कळेना. एका बोलण्याने तिने मुलाला चोर केलं होतं, दुसऱ्याने परक्याला. आणि तिसऱ्याने, गावभर फिरून, पुरावाही पेरून ठेवला होता.

बाहेर बसचा भोंगा वाजला.

६

बसच्या दाराशी गिलीज ड्रमंडचं मनगट धरून उभा होता. सगळं गाव जमलं होतं. ड्रमंडची बायको मूल घेऊन चाकाजवळ उभी होती.

"थांब रे!" गॉर्मल धापा टाकत आली. "सकाळी मी सगळ्यांसमोर बोलले. आता परत घ्यायचं तेही सगळ्यांसमोर घेते. एका कोपऱ्यात कुजबुजणार नाही."

"बस सुटतेय, आजी," ड्रायव्हर म्हणाला.

"सुटू दे, तुझी बस काही स्वर्गात जात नाही."

मग तिने सांगितलं. विरघळलेली चाकोरी, रुतलेले पाय, मग ताजी चाकोरी. रविवारी उभी राहिलेली गाडी. ज्याला चोरीची भीती वाटली नाही पण रविवारची वाटली, असा चोर. गिलीजची पकड सैल झाली. गाव एकमेकांकडे बघू लागलं, कारण आता चोर त्यांच्यातला होता.

"आणि हा माणूस परतताना खाचेत पडला," ती म्हणाली. "चिखलाने माखून घरी गेला. धुवायला सगळं पाणी लागलं. त्याच्या घरात रविवारी सकाळी..."

तिला पुढे बोलावं लागलं नाही. तिने पाहिलं, एकेका चेहऱ्यावर ते उमटत गेलं. कुणाच्या घरात पाणी नव्हतं हे तिनेच तर सगळ्यांना सांगितलं होतं. डोकी एकेक करून वळली.

तरी तिने नाव घेतलं. दुसऱ्याचं नाव तिने मोठ्याने घेतलं होतं, आपल्याचं हळू घेऊन कसं चालेल?

"माझा मुलगा. टॉरकल."

टॉरकल पुढे आला. आता त्याचा आवाज फुटला नाही. "दगड आमच्या उन्हाळी कुरणातल्या झोपडीत आहे. लॉरी परत गेली की गावात आणणार होतो. आई, तूच म्हणाली होतीस, की जो..."

"म्हणाले होते. ते माझ्या डोक्यावर. पण रविवारी गाडीला हात लावायचा नाही एवढं तुला कळलं, बायकोने आणलेल्या पाण्याचा चहा प्यायचा नाही एवढंही कळलं. तुझा रविवार तू स्वच्छ ठेवलास, टॉरकल, आणि त्याची घाण तिच्या अंगावर आणि या माणसाच्या तंबूत टाकलीस. हे माझ्या बोलण्यातलं नव्हतं. हे तुझं."

टॉरकलने मान खाली घातली, आणि कुणी न सांगता बसमध्ये जाऊन बसला. गिलीज टोपी सरळ करत त्याच्यामागून चढला. पुढच्या रविवारी स्तोत्राची ओळ कोण उचलणार, हा विचार पाळकांच्या तोंडावर दिसत होता.

गॉर्मल ड्रमंडसमोर उभी राहिली. "मी खोटं बोलले. पाहिली घोडी आणि सांगितला चोर."

"ऐकलं मी," ड्रमंड म्हणाला. तो मनगट चोळत होता. "सकाळचंही ऐकलं होतं."

"तंबू राहू दे इथे. कुणी हलवायला आलं तर माझ्याकडे पाठव."

"तंबू आम्ही उद्या हलवू, बाई. आमचे आम्ही." त्याने बायकोच्या हातून मूल घेतलं आणि तो वळणाकडे चालू लागला. गॉर्मलला वाटलं होतं की माफी मागितली की ती मिळते. आजवर कधी मागितली नसल्यामुळे तसं नसतं हे तिला ठाऊक नव्हतं.

बस गेली. माणसं पांगली. रस्त्यावर सासू-सून दोघीच उरल्या. डॉलिना शाल घट्ट ओढून उभी होती, अजूनही आपल्याला काहीतरी ऐकावं लागणार हे जाणून. गॉर्मल तिच्याकडे वळली.

"पाण्याचं मी जे बोलले ते सगळं चूक होतं. येत्या रविवारी त्याच फाटकात उभी राहून मी ते सांगेन, तू ऐकायला ये. पण सकाळी त्या बाळाची पेटी ओल्यात ठेवली, तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं, डॉलिना, आणि तू गप्प राहिलीस. मला काही ठाऊक नव्हतं आणि मी बोलले. दोघींत माझा दोष मोठा. पण तुझा आहे, आणि तो तुझा नवरा तुरुंगात गेला म्हणून फिटत नाही. आता डोळे पूस. त्या बाईची पांघरुणं ओली आहेत. तिने दारातून हाकललं तरी आपण दोघींनी जायचं."